सकवारबाईचा दुसरा खंड

ताटाच्या काठावर ठिपके होते. कृष्णाजी जेवायला बसला होता. वाटी कुठे, मीठ कुठे हे पाहायला त्याने सवयीने उजव्या हाताची तर्जनी ताटाच्या कडेवरून फिरवली आणि बोट जागीच थबकलं. बारीक, टोचरे, एकमेकांना खेटून बसलेले ठिपके, ओळीच्या ओळी. "ताट नवं काढलंस का?" त्याने विचारलं. "नवं कुठलं काढू? तेच की हो आपलं," चंद्राबाई म्हणाली. "भात वाढू का स्वल्प?" त्याने मान हलवली. ताट ओळखीचं होतं, लग्नात आलेलं, कड गुळगुळीत आणि एका जागी पोचा. पोचा होता तिथेच होता, पण तो त्याला डाव्या हाताने शोधावा लागला. मग त्याने उजवं बोट पाटावर टेकवलं. पाटावर ठिपके. धोतराच्या निरीवर ठिपके. स्वतःच्या गालावर, तांब्यावर, नुसतं हवेत धरलं तर हवेतसुद्धा. गेले कित्येक दिवस संध्याकाळी मांडीवरच्या पुस्तकात जे ठिपके त्याला लागत होते आणि ज्यांची अक्षरं काही केल्या जुळत नव्हती, ते ठिपके पुस्तकातले नव्हतेच. ते त्याच्या बोटात होते. त्याने ताट जरा पुढे सारलं. आमटीत चिंच जास्त झाली का म्हणून चंद्राबाईने विचारलं, तर तो म्हणाला, "नाही, सरी आहे, ठीक आहे."

हे सुरू झालं ते तो पडला तेव्हा, आणि पडला होता तो अगदी साध्या कारणाने. एका सरकारी कचेरीत तो टेलिफोनच्या बोर्डावर बसायचा आणि मल्लेश्वरमातल्या ज्या गल्लीतून बसला जायचा ती गल्ली नळ टाकायला खणून ठेवली होती. खणणाऱ्यांनी हाक मारली, पण तमिळमध्ये, आणि ती आपल्याला आहे हे कळेपर्यंत पायाखालची जमीन संपली होती. पडताना माणूस हात पुढे टाकतो. डोळस काय, आंधळा काय, त्यात भेद नाही. डोळसाचा मात्र नुसता हात मोडतो. उजवं मनगट पळीसारखं वाकलं. निरोप गेला तसा चंद्राबाईचा भाऊ उमाजी चिकपेठेतलं शिवणकामाचं दुकान टाकून धावत आला. उमाजीचं घराणं चार पिढ्यांपासून बेंगळुरात मुरलेलं. त्यांच्यात कुणाचंही हाड मोडलं की येलहंक्यापलीकडच्या एका खेड्यात जायचं हे ठरलेलं. "हॉस्पिटलात चुन्यात घालतात हात, दाजी," तो म्हणाला होता. "आत काय कुजतंय ते कोण बघतं? आमच्या अण्णाचा पाय बघा, घोड्यासारखा पळतो." आणि कृष्णाजी गेला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. म्हाताऱ्या हाडवैद्याने मनगट ओढलं, वर अंड्याचा पांढरा बलक आणि उडदाचं पीठ थापलं, बांबूच्या कामट्या लावल्या आणि चिंधीचे वेढे असे आवळले की कृष्णाजीला देव आठवले. पुढच्या खेपेला बोटं सुजून केळ्यांसारखी झाली होती. तीन बोटांना आणि अंगठ्याला मुंग्या येत होत्या, मधूनच आत विस्तव ठेवल्यासारखं व्हायचं. ते ऐकून म्हातारा खूश झाला. "जुम जुम होतंय? सरी, सरी. हाड सांधतंय. जुम होत नाही तो हात मेलेला," असं तो कन्नडमध्ये म्हणाला, आणि कृष्णाजीला कन्नड चांगलं समजत असूनही उमाजीने ते त्याला मराठीत पुन्हा एकदा सांगितलं.

यात म्हाताऱ्याची चूक झाली, उमाजीची झाली. पण सगळ्यांत मोठी झाली ती कृष्णाजीची स्वतःची, आणि ती फक्त बोटाने वाचणाऱ्या माणसालाच करता येण्यासारखी होती. मुंग्या आल्या म्हणजे बोट जास्त जागं झालं असं त्याला वाटलं. पुण्याच्या अंधशाळेत ज्योतिबा मास्तर सांगायचे की वाचायचं बोट शहाणं असतं, त्याला कामाला लावायचं नाही. नारळ सोलायचा नाही, भांडं घासायचं नाही, थंडीत ते काखेत धरून ठेवायचं. एकच बोट शिकवा पण ते पंडित करा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून डावा हात फक्त ओळ धरायला आणि वाचायला उजवी तर्जनी, असं त्याचं लहानपणापासून झालं होतं. निपाणीकडच्या खेड्यात देवी येऊन डोळे गेले तेव्हा तो इतका लहान होता की दिसणं म्हणजे काय ते त्याला आठवत नव्हतं. पण पहिलं अक्षर बोटाखाली उमटलं ते दुपारच्या घंटेसकट आठवत होतं. त्या बोटाचा त्याला गर्व होता आणि गर्व करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. कामट्यांतून बाहेर आलेलं बोट सुजलेलं असतानाच त्याने पुस्तकावर ठेवलं आणि एका जागी सहाच्या ऐवजी साठ ठिपके लागले तेव्हा तो हसून चंद्राबाईला म्हणाला होता, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन." अक्षर लागत नव्हतं याचा दोष त्याने पुस्तकाला दिला. फार हातांखालून गेलेलं पुस्तक, ठिपके बसलेत. छापणाऱ्याने कागद ओला ठेवला असणार. मग कामट्या सुटल्या, सूज उतरली, दोष पुस्तकाचाच राहिला, आणि आज ताटाच्या काठाने त्याला खरं काय ते सांगितलं.

पुस्तक म्हणजे एक कादंबरी होती. खाडीवर तरीची होडी चालवणाऱ्या सकवारबाई नावाच्या विधवेची. पुण्याच्या वाचनालयातून असले जाडजूड खंड कॅनव्हासच्या पट्ट्यांत बांधून टपालाने यायचे आणि संध्याकाळी कचेरीतून आला की तो ते चंद्राबाईला वाचून दाखवायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचा हा शिरस्ता. चंद्राबाईचे डोळे धडधाकट होते, पण तिला मराठी वाचता येत नव्हतं. घरात मराठी बोलायची, शाळेत कन्नड शिकायची, तेही जेमतेम तिसरीपर्यंत. बाजारातल्या पाट्या, बसवरचे फलक ती वाचायची, आणि देवनागरी दिसली की तिला नुसता दोरीवर वाळत घातलेला कपडा दिसायचा. ती म्हणायची, वर काठी आणि खाली लोंबतंय काहीतरी. त्यामुळे मराठीतलं जे काही जग तिच्या घरात शिरलं ते नवऱ्याच्या एका बोटावरून. रस्ता ती दाखवायची, नोटा ती ओळखायची, सदऱ्याचं बटण उलटं लागलं तर ती सांगायची, दाढीत राहिलेला केस तीच दाखवायची. एरवी तो तिच्या हाताला धरून असायचा. फक्त संध्याकाळचा तो तासभर ती त्याच्या हाताला धरून चालायची. हे दोघांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण त्या तासाकरता तो बाकीचा दिवस माणसासारखा जगत होता. आपण तिला काय देतो, असा प्रश्न त्याला पडायचा तेव्हा त्याला एवढंच उत्तर सापडायचं.

त्या संध्याकाळी चंद्राबाई शेंगा सोलायला घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "हं. ताप उतरला का तिचा?" पहिल्या खंडाच्या शेवटी सकवारबाई तापाने फणफणून पडली होती. दुसऱ्या खंडाची पहिली पानं गेले काही दिवस कृष्णाजी अडखळत, अंदाजाने, निम्मं लावून निम्मं सोडून कशीबशी ओढत होता. घरातल्यांची काळजी, वैद्याची वाट, एवढ्यावर त्याने वेळ काढला होता. आता सांगायला हवं होतं. बोट गेलं, एवढे दोनच शब्द. ते त्याच्या तोंडाशी आले, आणि त्याने पान उलटलं, बोट ओळीवर ठेवलं, बोटाखाली मुंग्यांचं वारूळ उठलं आणि तो म्हणाला, "पहाटे ताप उतरला. सकवारबाईने डोळे उघडले आणि पेज मागितली." चंद्राबाईने निःश्वास सोडला. "हुश्श. मला वाटलं मरते की काय," ती म्हणाली, आणि तिच्या हातातली शेंग पुन्हा मोडायला लागली. पुढचं त्याला सुचत गेलं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. बोट ओळीवरून डावीकडून उजवीकडे सरकत होतं, डावा हात पुढची ओळ धरत होता, आवाज वाचतानाचाच होता, जरा सपाट, जरा नाकातला; फक्त मधला दुवा तुटलेला होता.

मग रोजच तसं होऊ लागलं. सकवारबाई उठून बसली. सकवारबाईने होडीला डांबर लावलं. दिराने होडी बळकावली होती, ती तिने पंचांसमोर भांडून परत घेतली, आणि मग तर नवीच बांधली, फणसाच्या लाकडाची. दिवसा बोर्डावर बसल्या बसल्या, हेब्बाळच्या शेतकी कचेरीला के. आर. पुरमचं स्टेशन जोडून देता देता, तो संध्याकाळचं वाचन मनात रचायचा. सकवारबाईला मारायचं त्याच्या मनात कधी आलं नाही. खरं पुस्तक काय म्हणतं ते त्याला ठाऊक नव्हतं आणि तो आपल्याला समजावत होता की असंच काहीतरी असेल. तिचा हात बरा होईल तसा आपला होईल, असाही एक खुळा हिशेब त्यात होता. सकवारबाईचा हात कधी मोडलाच नव्हता हे तो विसरायला लागला होता. घरात मात्र त्याच्या हातून पेले पडायला लागले. उजव्या हाताने धरलेली वस्तू हातात आहे की नाही हे तिचा पडल्याचा आवाज आला की कळायचं. झोपेत मनगटातून कळ निघून खांद्यापर्यंत जायची आणि तो हात झटकत बसायचा. एकदा बंबातलं लाकूड सरकवताना बोट भाजलं ते चंद्राबाईने वासावरून ओळखलं. "अय्यो, चटका बसला तरी बोलत नाही तुम्ही," ती म्हणाली. लोणी लावता लावता तिने त्याचा अंगठा आपल्या हातात धरला आणि चाचपून पाहिला. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसून तिथे खळगा पडला होता. दुसऱ्या दिवशी तिने उमाजीला बोलावून घेतलं आणि भावाला ती आयुष्यात पहिल्यांदाच टाकून बोलली.

हॉस्पिटलात डॉक्टरने बोटांत सुई टोचली. टोचतंय का, टोचतंय का, असं तो विचारत राहिला आणि कृष्णाजी म्हणाला, "टोचा ना." खोलीत कुणी बोललं नाही, तेव्हा त्याला समजलं की सुई केव्हाच टोचून झाली होती. हाड वाकडं जुळलं होतं. मनगटातून एक जाड शीर पंजात जाते, ती त्या वाकड्या हाडाच्या आणि त्यावरच्या चिवट आतल्या पट्ट्याच्या मध्ये चेपली गेली होती, पहिल्या दिवसापासूनच. मुंग्या म्हणजे त्या शिरेची बोंब होती. "आधी का नाही आणलं?" डॉक्टरने कन्नडमध्ये विचारलं. उमाजी खाली मान घालून उभा असावा, कारण त्याचा श्वास खालून येत होता. पट्टा कापता येईल, डॉक्टर म्हणाला, दुखणं जाईल. आणि वाचायचं? कृष्णाजीने विचारलं. डॉक्टरने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "नोडोणा." बघू या. हा शब्द कृष्णाजीने बोर्डावर हजारदा ऐकला होता. साहेब लोक नाही म्हणायचं असलं की हाच शब्द वापरायचे.

पट्टा कापला, टाके पडले, टाके निघाले. दुखणं खरोखरच गेलं. जळजळ गेली, झोप लागायला लागली, आणि हळूहळू मुंग्याही गेल्या. याचा कुणी विचार केला नव्हता. ताटावरचे ठिपके गेले, पाटावरचे गेले, हवेतले गेले. खोटी का होईना, बोटावर काहीतरी वस्ती होती. आता बोट नुसतं हाताला लावलेलं होतं. तो पुस्तक उघडून त्यावर ते ठेवायचा आणि कागद आहे की नाही हेसुद्धा तळहाताला विचारावं लागायचं. डाव्या बोटाला शिकवून पाहिलं. डाव्याने कष्ट केले, पण ते पोरवयातलं बोट. एक अक्षर, मग दुसरं, आणि तिसरं लागेपर्यंत पहिलं निसटून गेलेलं. शब्द पुरा व्हायच्या आत मरायचा. कचेरीत मात्र सगळे समाधानी होते. डाव्या हाताने बोर्ड चालतो, आवाज शाबूत आहे, नोकरीला धक्का नाही, नशीब समजा, असं साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे म्हणाले. उमाजी तर नारळ घेऊन मारुतीला गेला. आपलं काय गेलंय हे कुणालाच दिसत नाही, याचा कृष्णाजीला राग यायचा, आणि मग घरी येऊन तेच चंद्राबाईला दिसू नये म्हणून तो मांडीवर खंड घेऊन वाचायला बसायचा. सकवारबाईने खाडीपलीकडे आठवड्याचा बाजार भरवला होता. गावोगावची माणसं तिच्या होडीतून येत होती. एवढी गर्दी झाली होती की तिला आवरायची कशी ते त्याचं त्यालाच कळेनासं झालं होतं.

ती गर्दी घराबाहेरही पसरली होती हे त्याला माहीत होतं. त्यांचं घर वठारात होतं, एका दाराआड समोरासमोर घरं आणि मधल्या अंगणात सगळ्यांचा मिळून एक नळ. सकाळी नळावर चंद्राबाई आदल्या संध्याकाळचं वाचन अलकाला सांगायची. अलका समोरच्या घरातली, चंद्रकांत नावाच्या इंजिनिअरची बायको, पुण्याहून नुकती आलेली. नवरा कारखान्यात गेला की दिवस खायला उठायचा म्हणून ती बादली भरून झाली तरी तिथेच रेंगाळायची. "मग अक्का, होडी मिळाली का?" असा तिचा आवाज आत यायचा आणि चंद्राबाई सांगत सुटायची, त्याने सांगितलं त्यापेक्षा चार गोष्टी जास्तच. दाढी करता करता ते ऐकताना कृष्णाजीला लाज वाटायची आणि सुखही वाटायचं; कशाचं किती हे त्याने वेगळं करून पाहिलं नाही.

एका रविवारी संध्याकाळी अलका आत आली. तिच्या हातात पुस्तक होतं हे त्याला वासावरून समजलं, वाचनालयातल्या कपाटाचा वास. "काका, एक गंमत आणलीये," ती म्हणाली. "इथल्या मराठी मंडळाच्या लायब्ररीत सहज चौकशी केली तर ही कादंबरी त्यांच्याकडे होती. मला अक्कांकडून ऐकून ऐकून राहवेना. ॲक्चुअली तुमचा हात अजून वीक असेल ना? आज मी वाचते, तुम्ही रेस्ट घ्या." कृष्णाजीच्या मांडीवर खंड उघडा होता. नको म्हणायला काहीतरी कारण लागतं, आणि त्याच्याजवळ एकच कारण होतं. चंद्राबाईने आनंदाने पाट सरकवला. "बस ग. बाजार भरला तिथपर्यंत आलंय. नवी होडी, मग बाजार." अलका पानं चाळू लागली. छापील पानांचा आवाज पातळ असतो, भरभर होतो. "बाजार... बाजार कुठे दिसत नाहीये अक्का. नवी होडी म्हणता? थांबा हं." ती मागे गेली, पुढे गेली, पुन्हा मागे आली. आता सांगून टाकावं, कृष्णाजी स्वतःला म्हणाला, तिला सापडायच्या आत. त्याने तोंड उघडलंसुद्धा. "ताप आला ते सापडलं," अलका म्हणाली. "इथूनच घेऊ या का, म्हणजे माझंही नीट होईल." आणि तिने वाचायला सुरुवात केली. तिचा आवाज स्वच्छ होता, ती कुठे अडखळत नव्हती. वैद्य आला नाही. पहाटे भरती लागली तेव्हा सकवारबाईने एकदा होडी बांधली का म्हणून विचारलं, आणि उत्तर ऐकायला ती राहिली नाही. तिची पोर उशाशी बसली होती. दिवस वर आला, पैलतीरावरून उतारू हाका मारत राहिले आणि कुणी ओ दिली नाही.

अलका थांबली. "गेलीच की ही," ती म्हणाली. चंद्राबाईच्या बांगड्या वाजल्या नाहीत, शेंग मोडली नाही. ती आपल्याकडे बघते आहे हे कृष्णाजीला कळत होतं; चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं ते कळत होतं आणि त्याने मान वळवली नाही. त्याचं बोट अजून खंडाच्या ओळीवर होतं. ते उचलावं की ठेवावं हे त्याला ठरवता येईना. तिने आता विचारावं असं त्याला वाटत होतं. इतके दिवस मला काय वाचून दाखवत होता, असं तिने ओरडून विचारलं असतं तर त्याने सगळं सांगितलं असतं, ताटापासून. "तेच पुस्तक आहे ना ग?" चंद्राबाईने अलकाला विचारलं. "हो, तेच. नाव तेच आहे, सकवारबाई, दीर, होडी..." अलकाचा आवाज बारीक होत गेला. तिलाही काहीतरी समजलं असावं. "बाकीचं मी नळावर सांगताना माझ्याच मनचं घातलं असेल," चंद्राबाई म्हणाली. "मला आहे ती खोड." हे ती अलकाकरता बोलली. आपल्यावर तिने पांघरूण घातलं, हे कृष्णाजीला समजलं, आणि ती माया त्याला नकोशी झाली, कारण आंधळ्याला सांभाळून घेतात तशी ती होती. इतक्या वर्षांत ह्या एका बाबतीत तरी तिने त्याला सांभाळून घेतलं नव्हतं.

ती उठली. त्याच्याजवळ आली, त्याचा उजवा हात मनगटाशी धरून अलगद बाजूला केला. तो धरलेला त्याला मनगटावर कळला, बोटांत नाही. मग तिने मांडीवरचा खंड उचलला, मिटला. "जड आहे हो. मांडीला रग लागेल," ती म्हणाली, आणि तो फळीवर ठेवल्याचा आवाज आला. "पोरीचं काय झालं ते तरी ऐकू या. तू वाच ग पुढं." अलकाने गळा साफ केला, दोन शब्द वाचले आणि थांबली. बाहेर अंधारून आलं असावं. "अक्का, अक्षर दिसेना झालंय," ती म्हणाली. चंद्राबाई भिंतीपाशी गेली. त्या घरात वाचायला आजवर कधी दिवा लागला नव्हता. बटण खट्‌कन वाजलं.

"आता दिसतंय नीट," अलका म्हणाली आणि पुढे वाचू लागली.